शेवटच्या शिट्टीपर्यंत

अहो,

मी तुमच्या बहिणीबरोबर फुटबॉलची फायनल बघायला स्टेडियमवर गेलेय. फोन मुद्दाम बंद ठेवलाय, नाहीतर चिरंजीव "आई, परत फिर" म्हणून जीव खातील. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

यंदा आपल्या राज्याने हॉकी जिंकली, व्हॉलीबॉल जिंकलं, आणि दोन्ही वेळा शेवटची दहा मिनिटं मी बाहेर जिन्यात होते. मी टीव्हीसमोर असले की आपण हरतो, असं तुम्हा बापलेकांनी ठरवलं आणि मीही हसून मानलं. आतून आरडाओरडा ऐकू आला की समजायचं, जिंकलो.

शाळेपासून या संघांवर जीव टाकतेय मी. वर्षानुवर्षं ते हरत होते तेव्हा घरात एकटीच बघायचे, मला कुणी उठवलं नाही. सुगीचे दिवस आले आणि मी पांढऱ्या पायाची झाले.

आज हरलो तर खापर माझ्या डोक्यावर फोडा, ऐकून घेईन. पण शेवटच्या शिट्टीपर्यंत जागची हलणार नाही.

कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि मी दिसले, तर घाबरून टीव्ही बंद करू नका. एकदा मला जिंकताना बघा.