घसाऱ्याची शंका

मंगळवार, १४ मार्च. दुपारी १ वाजून १० मिनिटे. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात, डबा मांडीवर ठेवून.

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी काही सांगायला गेलो की तू "राहू दे रे" म्हणतेस आणि मी राहू देतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. ऑनलाइन क्लासच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारायचं, समाधानी आहात का? आवाज नीट येतो का, चित्र अडकतं का? उत्तर तीनच्या खाली आलं तर गोड बोलून पाचावर न्यायचं. खोलीला खिडकी नाही. पाणी प्यायला उठायचं तरी हात वर करावा लागतो. नववीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, हे एकदाचं सुटलं.

सहाशे फोन झाल्यावर मला एक कळलं. आवाज खरखरला तरी लोक चालवून घेतात. पण सरांनी नाव घेऊन एक शंका सोडवली की माणूस महिनाभर खूश. फॉर्मात तेही विचारू या, असं मी साहेबांना सुचवलं. "या, नववीतले शिक्षणतज्ज्ञ!" म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. ते का विचारत नाहीत, हे गेल्या आठवड्यात समजलं. नोकरी सोडावी, तर मी इथला म्हणून बांधून मिळालेले तुझ्या फीचे उरलेले हप्ते एकदम भरावे लागतात. म्हणून गप्प बसलो.

काल तुझाच फॉर्म माझ्या टेबलावर आला. हिशेबाच्या क्लासला सगळीकडे पाचपैकी पाच. खाली लिहिलंस, "घसाऱ्याची शंका चार वेळा विचारली, पण माझंच टायपिंग हळू, सरांपर्यंत पोचत नसेल." ताई, तुझं टायपिंग हळू नाही. सर तिथे नसतातच. तो क्लास दोन वर्षांपूर्वी चित्रित केलेला आहे. रोज सातला लावतात आणि कोपऱ्यात 'थेट' अशी लाल पाटी टाकतात. आणि तो मीच तुझ्या गळ्यात मारला. शनिवारपर्यंत नाव काढून घे. कारण विचारतील, तिथे "भावाने सांगितलं" असंच लिही. तुला खोटं जमत नाही.

तुझाच,
धाकटा

भरले : सात हजार (चार तुझे, तीन माझ्या पगारातून).
देणं : पाच हजार.
शनिवारपर्यंत नाव काढलंस तर : सात परत, देणं काही नाही.
रविवारपासून : परत काही नाही, देणं पाच.