अडुळशाशेजारचा ठिपका

नगर, ता. ३ जानेवारी १९७२

ती. रंगूअक्कास,
राधाकृष्णाचा सा. न. वि. वि.

आबासाहेब मामा आईला दम्यासाठी देतात ते चूर्ण आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं. मामा अडुळसा आहे म्हणतात आणि अडुळसा त्यात खरोखर आहे. तेव्हा आता संशय सोड आणि आईला खुशाल देत जा. हे पत्र तिला वाचून दाखव. मामांनाही सांग, म्हणावं भाचा साक्षीला उभा आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा राधाकृष्ण

राहाता, ता. २० मार्च १९७२

चि. राधाकृष्णास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामांनी उतरवून घेतलं ते थेट छापूनच आणलं. आता त्यांच्या चूर्णाच्या डब्यावर ‘बी.एस्सी. भाच्याने तपासलेले’ असं आहे आणि बाजारात डबे हातोहात जातात. तुझी कॉलर ताठ झाली असेल.

आईचा दमा पळाला खरा. चेहरा गोल फुगलाय, शेजारणी म्हणतात म्हातारीनं बाळसं धरलं. पण हातपाय काड्या झालेत आणि नुसता हात लागला तरी काळंनिळं होतं. सांगायची किळस वाटते, पण ती मोरीत जाऊन आली की तिथं मुंग्यांची रांग लागते. हे कसलं बाळसं रे? नवा डबा एसटीनं पाठवलाय, पुन्हा बघ.

जेवणखाण वेळेवर करत जा.
तुझी रंगूअक्का

नगर, ता. २ एप्रिल १९७२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मला माझीच शिसारी आली आहे. मी अडुळसा शोधायला बसलो, तो सापडला आणि हात झटकून उठलो. आणखी काय आहे ते पाहिलंच नाही. या वेळी चूर्णाचा अर्क काचेवरच्या पातळ थरावर चढवला, तिथं एकेक द्रव्य वेगळं होतं, तर अडुळशाशेजारी दुसरा ठिपका उठला. सरांनी बाजूला दम्याच्या विलायती गोळीचा ठिपका ठेवला. दोन्ही एका रेषेत, म्हणजे द्रव्य एकच. ते स्टेरॉईड आहे, अक्का. त्यानं दमा दबतो, पण चेहरा सुजतो, हातपाय झिजतात आणि लघवीत साखर उतरते, मुंग्या त्यालाच येतात. सख्ख्या बहिणीला चोरून हे चारायचं आणि वर वैद्य म्हणवायचं, थू!

पण चूर्ण एकदम तोडू नकोस, शरीर आता त्यावरच विसंबलंय, अचानक बंद केल्यानं जीव जाऊ शकतो. श्रीरामपूरच्या डॉक्टरांकडे लगेच ने, ते मात्रा हळूहळू उतरवतील.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
राधाकृष्ण

राहाता, ता. ९ एप्रिल १९७२

चि. राधाकृष्णास आशीर्वाद.

श्रीरामपूरला जायला गाडी सांगितली, पण आई चढेना. मामांना जाब विचारला तर पान चघळत म्हणाले, गुण आला न्हाई का, मग आत काय हाय ते तुला कशाला पायजे. वर माझ्यादेखत आईला एक चमचा जास्त दिला.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणते, तू मनानं वाचतीस, माझा राधा असं लिहायचा न्हाई. तिला अक्षर येत नाही, पण तुझी सही ओळखते. म्हणून दोन्ही पत्रांवरची सही दाखवली. तर म्हणाली, दोन्ही त्याचीच हायेत, मग पहिलं खोटं कशावरून?

आता कागदानं भागायचं नाही. मिळेल त्या गाडीनं ये, तिच्यासमोर बस आणि चुकलो म्हणून तुझ्या तोंडानं सांग. चूर्ण तिनं आजही घेतलं, तुझं नाव घेऊन.

तुझी अक्का