काजळीची वही

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून शास्त्रशुद्ध वही. कारण, पिकअपच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा. शोरूमवाला म्हणाला, सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर असतो, तो धुरातली काजळी अडवतो. फिल्टर भरत आला की गाडी स्वतःच ती जाळते, त्याला रीजन म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटं गाडी एका दमात पळवा, बाकी काही करू नका. 'काही करू नका' म्हणे! असल्या सल्ल्यांवर हा देश चाललाय.
मी डोंगल आणलाय. स्टेअरिंगखाली खोचला की काजळी किती टक्के ते फोनवर दिसतं. वहीत रकाने आखले: वेळ, टक्के, तापमान, रीजन सुरू, रीजन पूर्ण. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. वाया गेलं नाही.

४ नोव्हेंबर
६१ टक्के. वानाडोंगरी ते हिंगणा एमआयडीसी, चार किलोमीटर. कंपनीच्या कॅन्टीनला दामिनीचे डबे टाकायचे आणि परत यायचं. एवढ्यात गाडी तापत नाही, काजळी साचते. थोडक्यात, बायकोच्या धंद्यानं माझ्या फिल्टरची वाट लावली. तिला हे बोललो नाही. तिच्या हातात झारा होता.

८ नोव्हेंबर
दामिनीला पारशिवनीची ऑर्डर. २३ तारखेला साक्षगंध म्हणजे साखरपुडा, साडेतीनशे पानं. जेवण आवडलं तर लग्नही तिच्याकडेच. आठ वर्षं डबे भरल्यावर पहिलं मोठं काम. थोडी रडली. मग विचारलं, "गाडी पोचन ना हो बराबर?" मी म्हटलं, मी आहे ना. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.
सासरे चंपतराव पारशिवनीचेच. त्यांचा फोन: "जावईबापू, माही जुनी गाडी पाठवू का?" ती गाडी म्हणजे चाकं लावलेली चूल. मागच्या माणसाचं तोंड काळं केल्याशिवाय पुढे जात नाही. नम्रपणे नको म्हटलं.

११ नोव्हेंबर. सकाळी १०.४०, आउटर रिंग रोड
८० टक्क्यांवर रीजन सुरू! तापमान ५९०. तत्काळ गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, नोंद केली. चालत्या गाडीत फोन पाहणं गुन्हा आहे. इंजिन चालू ठेवून लिहिलं तर हात थरथरतो, अक्षर बिघडतं.
१०.५५. गाडी पुन्हा सुरू. रीजन गायब. या गाडीत चिकाटी नाही.

१३ नोव्हेंबर
तीनदा सुरू झालं. तिन्ही वेळा वेळेवर थांबून नोंद. 'पूर्ण'चा रकाना कोरा. ८४ टक्के. डिझेलमध्येच भेसळ असणार. पंपावरच्या पोराला सुनावलं. त्यानं मागच्या स्कूटरला हात केला.

१५ नोव्हेंबर
आज दामिनी सोबत होती. डॅशबोर्डातून कंपनीचं पुस्तक काढून वाचत बसली. "अहो, इथं लिहून आहे, रीजन चालू असतानी इंजिन बंद करू नका. तुम्ही तर दर खेपी बंदच करून राहिले!" समजावलं की ते सामान्य ड्रायव्हरांसाठी आहे, अभ्यासूंसाठी नाही. ती म्हणाली, "मंग मले चालवू द्या." चार वर्षांपासून लायसन्स आहे तिच्याकडे. पण टक्के कोण लिहिणार?

१७ नोव्हेंबर
शुभवार्ता. पट्टी ओढून ऑइल पाहिलं, तर वाढलंय! लोकांच्या गाड्या ऑइल पितात, माझी तयार करते. मेकॅनिक दुर्गेशला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, गाडी घेऊन या. आजच या." जळतात लोक.

२० नोव्हेंबर
९१. दुर्गेशचे तीन मिस्ड कॉल. गिऱ्हाइकी नसेल त्याला. संकल्प: रविवारी पारशिवनीपर्यंत गाडी पळाली की सगळी काजळी जळेल. मेकॅनिकची गरज नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
८.५०. निघालो. मागे पातेली आणि कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांच्या टोपल्या. दामिनी नवी साडी नेसली आहे.
९.४०. ९२ टक्के. रीजन सुरू. थांबलो. नोंद.
९.५८. पुन्हा सुरू. ९१! उतरतेय! दामिनी म्हणाली, "हात जोडते, आता नका थांबू." पण पहिल्यांदाच आकडा खाली आलेला, त्याची नोंद नको? थांबलो.
१०.२०. कन्हानच्या पुढे. दिवा लाल. गाडी वीसच्या वर जात नाही.
१०.३५. एक सायकलवाला पुढे गेला. वळून पाहिलं त्यानं.
११.००. गाडी उभी. दामिनीनं बापाला फोन केला. टोपल्यांवर स्वतःची शाल पांघरून रस्त्याकडे बघत बसली आहे. माझ्याकडे बघत नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं.
११.५०. चंपतराव आले, चुलीसकट. पातेली हलवायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या जावईबापू, तुम्ही लिहा." गाडीत मला जागा होती. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही.

२४ नोव्हेंबर
पंगत तासभर उशिरा बसली. वड्या गार. तरी लोकांनी मागून मागून खाल्ल्या, लग्न दामिनीलाच मिळालं.
दुर्गेशनं स्कॅनर लावला. रीजन सुरू: सतरा. पूर्ण: शून्य. दरवेळी मधेच इंजिन बंद. वहीतल्या नोंदी मोजल्या, बरोबर सतरा. वही किती अचूक आहे बघा! वाढलेलं ऑइल म्हणजे न जळलेलं डिझेल निघालं. ऑइल बदललं, फिल्टर त्यानं गॅरेजमध्येच जाळून साफ केला. जाताना म्हणाला, "भाऊ, आता काही पाहू नका फक्त."
घरी दामिनीनं चावी मागितली. दिली.

१४ डिसेंबर, रविवार
काल ७९ टक्के. आज दामिनी लग्नाचा मेनू ठरवायला पारशिवनीला गेली, एकटी. डोंगल काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवून गेली. दिवसभर डोंगलकडे बघत बसलो.
दुपारी ४.१५. आली. डोंगल खोचून पाहिला. ५ टक्के.
रीजन पूर्ण झालं म्हणजे. कुठे झालं, कधी झालं, तापमान किती, काही पत्ता नाही. असल्या बेवारशी रीजनची नोंद मी करणार नाही.

१५ डिसेंबर. सकाळी ७.१०
वही उघडली. 'रीजन पूर्ण'च्या रकान्यात एक टिक. निळ्या शाईची. माझं पेन काळं आहे.
खाली एक ओळ: "८ नोव्हेंबरले बाबाच्या गाडीचं लिहिलं, ते खोडा."
म्हणजे पहिल्या पानापासून वाचली. झाऱ्याचंही वाचलं.
तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.
खोडलं.