नदीसाठी मी काय काय केलं

३ जानेवारी
मोठ्या साहेबांनी नव्या जलसंरक्षण नियमांचा मसुदा माझ्याकडे दिला. खात्यात अठरा वर्षं झाली, आत्ता कुठे माणसाची पारख झाली. कलम सात आजच लिहिलं : नदीपासून एक किलोमीटरच्या आत कुठल्याही कारखान्याने सांडपाणी सोडायचं नाही. माझ्याच अंगावर काटा आला. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, आधी अंघोळ करा.

११ जानेवारी
प्रयोगशाळेतल्या बाईंनी रंगकारखान्याजवळच्या पाण्याचा अहवाल टेबलावर आपटला. पाण्यात शिसं आहे, खालच्या वस्तीतली पोरं आजारी पडताहेत, कारखाना आधी बंद करा म्हणाल्या. हुशार आहेत, पण धोरण कळत नाही. नियम झाले की कारवाई आपोआप होईल, असं शांतपणे समजावलं. अहवाल ड्रॉवरमध्ये नीट ठेवला.

१९ जानेवारी, दुपारी
कारखान्याची अचानक पाहणी. (सोमवारी फोन करून कळवलं होतं. उगाच कुणाची गैरसोय नको.) मालक गेटवरच हजर. माणूस पर्यावरणप्रेमी निघाला! छतभर सोलर पॅनल. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र मात्र बंद. विचारलं, तर म्हणाले, साहेब, ते फार वीज खातं, ऊर्जा वाचवायची की नाही? खरंच की. हा मुद्दा आमच्या खात्यात कुणाला सुचला नव्हता.

२ फेब्रुवारी
एक किलोमीटरचे शंभर मीटर केले. कायदा लवचीक हवा.

९ फेब्रुवारी
कलम सातात ‘शक्यतो’ घातलं. एकच शब्द, पण काय वजन! उद्यापासून पहाटे फिरायला जाणार.

१० फेब्रुवारी
पाठ धरली.

२१ फेब्रुवारी
मालकांना स्वच्छ ऊर्जेचं प्रमाणपत्र दिलं. सही माझी. फोटो छान आला. जिन्यात प्रयोगशाळेतल्या बाई भेटल्या. काय म्हणाल्या ते नीट ऐकू आलं नाही.
ऐकू आलं. ‘लाज’ हा शब्द दोनदा होता.

४ मार्च
जनसुनावणी. खालच्या वस्तीतल्या धोबीणबाईंनी नदीत धुतलेली चादर माझ्या टेबलावर पसरली. पांढरी होती म्हणे. आता जांभळी. हिला कुठलं कलम लागतं, विचारलं. नियमांत रंगाची व्याख्या नाही, असं मी सांगितलं. हशा पिकला. सभा माझ्या बाजूने होती.
मग एक रिक्षावाला उठला. मुलगी सहा वर्षांची, महिनाभर दवाखान्यात. त्याने कलम सात वाचलं आणि विचारलं, म्हणजे माझी पोरगी शक्यतो बरी होईल, असंच ना?
असा सूर सभेत बरा नव्हे. इतिवृत्तात घेतलं नाही.
रात्री जेवण गेलं नाही. उकाडा फार.

१७ मार्च
बाईंनी अहवालाची प्रत थेट कोर्टात दिली. मला न विचारता! न्यायाधीशांनी कलम सात मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. आवडलं असावं.

२० मार्च
मसुदा रद्द. कारखान्याला टाळं. नव्या समितीवर बाई. मोठ्या साहेबांनी कोर्टात सांगितलं की मसुद्यातला शब्द न् शब्द माझा आहे. अखेर जाहीर कबूल केलं!

२६ मार्च
बदली. खालच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात, त्यांवर देखरेख. फील्डचा अनुभव हवाच होता.

२७ मार्च
रांगेत पहिला तो रिक्षावालाच. पोरगी कशी आहे, विचारलं. अजून दवाखान्यातच, म्हणाला. मग टँकरकडे बोट दाखवून विचारलं, हे पाणी चांगलं आहे ना? मी म्हटलं, मी स्वतः सही केलीय.
त्याने बादली मागे घेतली. त्याच्यामागच्या बाईनेही घेतली. मग अख्खी रांगच मागे सरकली. टँकर भरलेला, आणि मी नळाशी उभा.
शेवटी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या बाईंनी तपासलंय.
बादल्या पुढे आल्या.