जर्सी गाईनं धरलेला सूर

ती. ओलीटाताईस,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी, मग हॉलिस भावजींच्या मधमाश्यांची आणि त्यानंतरच स्वतःचं रडगाणं, ही आईची शिस्त मी नॅशव्हिलला येऊनही मोडलेली नाही. तर गुडघा कसा आहे? माश्या कशा आहेत? (भावजी कसे आहेत ते माश्यांवरून कळतंच.) मी ठणठणीत. आवाज जरा खाली उतरलाय, पण आमचा मॅनेजर ड्यूई म्हणतो, "व्हर्लीन, लोक त्याला अनुभव समजतात."

गेल्या शनिवारी मिझुरीत एका जत्रेत गायले. माझं गाणं रेडिओवर वाजायचं तेव्हा मोठमोठी सभागृहं मिळायची. आता ट्रॅक्टरच्या दुकानाचं उद्घाटन मिळालं तरी ड्यूई हॅट उडवतो. इथं पडद्याच्या पुढे मी आणि मागे बक्षिसासाठी आणलेली गुरं. मण्यांचा झगा घालून (तूच शिवलेला, कमरेला दोनदा सैल केलाय, हसू नकोस) स्टेजवर चढले, तर बुटाची टाच फळीच्या फटीत अडकली ती निघेचना. तीन गाणी एका जागी खिळून म्हटली. लोकांना वाटलं, बाई फार गंभीर आहे.

चौथं आपलं दरीतल्या दिव्याचं. 'घरी कोण जागं आहे?' या ओळीनंतर तुझा आवाज यायचा, आठवतं? तू लग्न करून गेल्यापासून ती जागा मी मोकळीच ठेवली आहे. किती फिडलवाले गयावया करून गेले, कुणाला भरू दिली नाही. (ऐकणाऱ्यांना वाटतं, मी तिथं दम खाते.) तर ओळ म्हटली, थांबले आणि पडद्यामागून एक जर्सी गाय हंबरली. लांब, खालच्या पट्टीत, आणि ताई, चक्क सुरात! लोक हसून लोळायचे बाकी. दुसऱ्या कडव्यालाही पठ्ठीनं जागा चुकवली नाही. इतक्या टाळ्या मला कित्येक वर्षांत पडल्या नव्हत्या.

ड्यूई धावत गाईच्या मालकाकडे. "हिला फिरतीवर नेऊ! दारू पीत नाही, मध्येच लग्न करून निघून जायची नाही!"

मालक म्हातारा होता. म्हणाला, "ती गात नाही हो. तिचं वासरू सकाळी विकलं. तेव्हापासून हाका मारतेय."

ड्यूई तरीही हसला. मला हसू येईना. एक बूट फळीतच सोडून मी पडद्यामागे गेले आणि तिच्या मानेवर डोकं टेकून उभी राहिले. ती हंबरायची थांबली. माझं रडू मात्र काही केल्या थांबेना. ड्यूईला सांगितलं, गाय येणार नाही, विषय संपला.

भावजींना नमस्कार.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. झगा धुतला, पण शेणाचा वास जात नाही. काय लावू ते कळव.

ता. क. दुसरा. ऑगस्टात आपल्याच गावच्या जत्रेत माझं गाणं आहे. तू स्टेजवर येशील? गुडघा कुरकुरला तर खुर्ची ठेवते. ते गाणं आता मला एकटीला म्हणवत नाही, ताई.

ता. क. तिसरा. वर विचारलंय खरं, पण पोस्टरं छापून झालीत. तुझं नाव वर आहे, मोठी म्हणून. पीठ आणायला जाशील तेव्हा दुकानाच्या दारावर बघून दचकू नकोस. आणि कृपा करून फाडू नकोस.