मुकादमाचे बूट

३ मार्च

आलो एकदाचा. फुलांच्या काचघरात मुकादमाची नोकरी, आवारातच राहायला खोली आणि जेवण स्वयंपाकीणकाकूंच्या हातचं. निघताना ताई म्हणाली, नव्या जागी तरी प्रत्येकाकडे चोर असल्यासारखं बघू नकोस. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तेव्हा बोलायचा हक्क तिला आहे. पण मी दूध घेतानाही मापाचा तळ बघणारा माणूस.

इथे मजूर रबरी बूट घालतात, मुकादम मात्र कातडी. तो त्याचा मान. आधीच्या मुकादमाचे बूट स्टोअरकीपरने पॉलिश करून माझ्या हातात ठेवले. या बुटांवर मागे कीटकनाशकाचा डबा सांडला होता, पण धुऊनपुसून लख्ख केलेत, म्हणाला. पायात अगदी मापाचे बसले. उगाच भाव खात चार चकरा मारल्या.

९ मार्च

काम अंगवळणी पडतंय. फवारणी मजूर करतात, मी दारातूनच बघतो. आत एवढा दमटपणा, की संध्याकाळी मोजे पिळावे लागतात. काकू फार आग्रह करून वाढतात. ओळख ना पाळख, एवढा आग्रह कशासाठी? खोलीतला दिवाही मंद आहे. स्टोअरकीपरने जुना बल्ब माझ्या गळ्यात मारला असणार.

१४ मार्च

बल्ब बदलून घेतला, तरी तेच. भर दुपारीही ढगाळल्यासारखं दिसतं. भूक नसताना तोंडाला पाणी सुटतं, पोटात मुरडा येतो. आधीचा मुकादम का गेला, असं विचारलं की मजूर कामाला लागतात. शेवटी म्हातारा माळी बोलला. त्या मुकादमाच्या डोक्यावर परिणाम झाला होता म्हणे, काकू जेवणात काहीतरी घालतात म्हणून ताट भिरकावून द्यायचा. मी हसलो. जेवताना मात्र हसू आलं नाही.

१६ मार्च, रविवार

काकूंची सुट्टी. दिवसभर खाटेवर अनवाणी लोळलो, दुकानातला पाव खाल्ला. पोट बरंच शांत. आता आणखी काय पुरावा हवा?

१८ मार्च

काकूंचं जेवण बंद केलंय. बिस्किटांवर आहे, तरी कामावरून आलो की उलट्या. म्हणजे पाण्यातही घालतात. डावी पापणी आपोआप फडफडते. काकू दाराशी येऊन रडल्या. नाटक छान वठवतात.

२० मार्च

काकूंनीच दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, म्हणून उजेड कमी वाटतो, म्हणाला. मग बूट हुंगले आणि जाळायला सांगितले. कीटकनाशकातलं ऑर्गॅनोफॉस्फेट कातड्यात मुरलं की धुऊन जात नाही, ओल्या पायांतून अंगात शिरतं. नसांचा हुकूम थांबवणारा अंगातला रस ते विष बाद करतं, मग लाळ, घाम, मुरडा काही थांबत नाही. धास्ती आणि भलतेसलते विचारही त्यातच येतात म्हणे. बरं जमवलंय. म्हणजे माझा संशय हाच माझा रोग.

सुईत ॲट्रोपिन भरलं. हे काय, विचारलं. उतारा आहे, पण तसं तेही विषच, असं तो सरळपणे बोलून गेला. त्याला बाहेर ढकललं आणि कडी घातली.

२१ मार्च, सकाळ

पळायचं म्हणून बूट चढवले. दोन पावलांत गुडघे गेले — दाराशीच बसलोय. छातीत घरघर. लाळ वहीवर पडते. दार लोखंडी आहे. बाहेर म्हणतायत, घण आणायला माणूस गेलाय. मारायलाच येतायत —

दुपार

घण आणायला गेलेला अजून आलेला नाही. ताईचा आवाज. इतक्या लांबून — कुणी बोलावलं तिला? म्हणते, आधी बूट काढ, सुई टोचून घे. तेच शब्द. तिलाही पढवलंय. ताईलाही —

नंतर

ताई बाहेर बसून आहे. समजावणं सोडलं. म्हणते, राहू दे तुझा संशय, माझ्यावरही राहू दे, नुसती कडी काढ.

असं ताईच बोलते. पढवून नाही येत ते.

मी चुकलो. घाबरलोय — विषाला नाही, उशिराला —

ताई, काढतो. कडी डोक्यावरच आहे. हात वर जात नाही. ती म्हणते, ओ तरी दे. ओ देतोय मी — आवाज फुट —