‘ऊर्फ’ लिहू की नको?

पेण, ८ जानेवारी २०२५

ती. दादास विमलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र शेजारच्या नितेशच्या हाती देते. रोह्याला शिफ्टला जाताना देईल. गुडघ्यांमुळे तुला सखाच्या अंत्यविधीला येता आलं नाही, ते मी मनात धरलेलं नाही. आपला धाकटा भाऊ झोपेतच गेला, हाल झाले नाहीत.

सोमवारी दहावं. बाजारात फलक लावायचाय. फोटो तो कधी काढूच देत नसे, म्हणजे नुसतं नावच. गणपतीच्या कारखान्यातला कान्हू म्हणतो, ‘सखाराम’पुढे ‘ऊर्फ गिड्डू’ लिवा, नायतर कोनाला कलनार नाय. तीस वर्षं सखाने तिथे मूर्तींचे डोळे आखले, पण अख्ख्या पेणला तो गिड्डूच. बुटक्या म्हटलं की अंगावर धावून जायचा. गिड्डू म्हटलं की ओ द्यायचा. लिहू ना?

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी विमल

रोहा, ९ जानेवारी

चि. विमलला अ. आ.

लिहायचं नाही. बुटका, ठेंगू, खुजा, टिल्लू, वामनमूर्ती; शाळेपासून सगळं ऐकून झालं त्याचं. मेल्यावर तरी आईबापांनी ठेवलेलं नाव मिळू दे. कान्हूला म्हणावं, तू तुझा रंग कालव.

तब्येत सांभाळ.

दादा

पेण, २० जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. दहाव्याला आम्ही पाच माणसं होतो. फलक भर बाजारात होता. लोक वाचून पुढे गेले. आता रोज कोणी ना कोणी कारखान्यात विचारतं, गिड्डू दिसत नाय तो? भाजीवाली सरू मला धरून रडली. म्हणाली, आमचा गिड्डू गेला नि आमाला कुनी सांगितला पन नाय गो. मला तिच्याकडे बघवेना. दादा, तू चुकलास, आणि मी तुझं ऐकलं.

रागावले तरी बहीणच आहे.

विमल

रोहा, २ फेब्रुवारी

चि. विमल,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. गुरुवारी पेणला येऊन गेलो. गुडघे चालतात गो. तेव्हाही चालत होते. चार लोकांत त्याचा भाऊ म्हणून उभं राहायची मला लाज वाटली. माझ्या सुरभीचं सासर वडखळला. त्यांनी बाजारात तो शब्द वाचू नये, फलकाचं एवढंच होतं.

सखाची खोली बघायची होती. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला सखारामचं नाव सांगितलं, त्याला कळेना. दुसऱ्यालाही नाही. शेवटी गिड्डू म्हणालो. दोघांचेही चेहरे पडले. एकाने हात धरून मला रिक्षात बसवलं आणि वाटेत विचारलं, तुमी त्याचे कोन?

मी म्हणालो, ओळखीचा.

मग तुझ्या दारात यायचं धाडस झालं नाही. जमलं तर लोभ ठेव.

हैबत